मे महिना, तापलेलं इंजिन आणि इंधनाची चिट्ठी

इंदूरला विमान चालवायला शिकताना मेडिकल झालं, लेखी परीक्षा झाल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. डोकं अजून फिरतं ते दुपारच्या इंधनाच्या चिट्ठीवर.

लांबचं उड्डाण करून उतरलं की पुढच्या फेरीआधी इंधन भरायचं. त्याच्या चिट्ठीवर सही हवी, आणि सही करणारे साहेब नेमके जेवायला गेलेले. तोवर आमचं सेसना १७२ हे छोटं शिकाऊ विमान एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या मोकळ्या जागेत, उन्हात तापत उभं.

इंजिन बंद केलं की ते लगेच निवत नाही. हवेचा झोत थांबतो, काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाखाली, उष्णता कोंडते आणि आधी वाढतेच. आमच्यासारख्या इंजेक्शनवाल्या इंजिनात इंधनाच्या बारीक नळ्या सिलिंडरांवरूनच गेलेल्या असतात. त्यात थांबलेलं इंधन उकळतं. पंपातही वाफ भरते. पंप बनलाय द्रव ढकलायला, वाफेपुढे त्याचं काही चालत नाही. इंजिन सुरूच होत नाही. हाच व्हेपर लॉक. त्यात इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, हवेचा दाब कमी, म्हणजे उकळायला आणखी सोपं. जुन्या कार्ब्युरेटरच्या १७२ मध्ये हा त्रास फारसा नसे, पंखांतल्या टाक्यांतून इंधन आपसूक खाली येई.

इंजिन बंद करून पाच मिनिटांत परत लावा, निमूट सुरू होतं. दीड तासानं या, तरी होतं. मधला अर्धा तास वाईट, आणि चिट्ठीला लागतो तो तेवढाच!

शिकवणारे सर म्हणायचे, "प्राइम करू नकोस, म्हणजे आधी इंधन सोडू नकोस. मिक्श्चर, म्हणजे इंधनाचा दांडा, बंद, थ्रॉटल किंचित उघडा, स्टार्टर मार. पकडलं की मिक्श्चर पुढे." पकडून परत मरायला लागलं तर विजेवरचा पंप लावायचा. स्टार्टर दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबायचा नाही, मग वीस सेकंद थांबायचं. तीन वेळा जमलं नाही तर दहा मिनिटं विश्रांती, आणि तुम्ही चाळीस डिग्रीत बंद कॉकपिटमध्ये घाम पुसत बसा. सुरू झाल्यावरही फ्युएल फ्लोचा काटा थरथरत असेल तर निघायची घाई नको. १८०० आरपीएमवर जरा चालवून वाफ जाऊ द्या.

शेवटी मी सकाळीच चिट्ठी मागितली. साहेब म्हणाले, "किती लागेल ते आत्ताच कसं कळलं?" अहो, फ्लाइट प्लॅनमध्ये लिहिलंय की! सही मिळाली, पण तोंड वाकडं करून.

आणि हो, उभं करताना नाक वाऱ्याकडे ठेवा आणि काउलिंगवरचं ऑइल तपासायचं छोटं दार उघडं टाका, गरम हवा वर निघून जाते. निघण्याआधी मात्र ते आठवणीनं लावा.