होम असिस्टंट अपडेट करताय? आधी टाकीच्या मोटरकडे बघा

होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर, याची नवी आवृत्ती दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी येते. नावातच वर्ष आणि महिना असतो: २०२४.६ म्हणजे जून २०२४. मग महिनाभर २०२४.६.१, २०२४.६.२ अशा दुरुस्त्या निघत राहतात. बुधवारी रात्री सेटिंग्जमध्ये अपडेट दिसलं म्हणून गुरुवारी सकाळी ते दाबायलाच हवं असं नाही. शेवटचा आकडा २ किंवा ३ होईपर्यंत थांबा. तोवर घाईवाल्यांनी खड्डे शोधलेले असतात आणि बरेचसे बुजलेलेही असतात.

अपडेटमध्ये मुख्य सॉफ्टवेअर, म्हणजे कोअर, फारसं बिघडत नाही. बिघडतं ते त्याला बाहेरून जोडलेलं आणि आपण दोन-तीन वर्षांपूर्वी लिहून विसरलेलं. त्यातलं सर्वांत महागात पडणारं आधी घेऊ.

नागपुरातल्या घरात ऑटोमेशनची सुरुवात बहुधा दोन गोष्टींपासून होते, टाकीची मोटर आणि कूलर. मोटरचं ऑटोमेशन साधारण असं असतं: मोटर चालू कर, २० मिनिटं थांब, बंद कर. यातलं ‘थांब’, म्हणजे डिले, रीस्टार्टमध्ये टिकत नाही. मोटर चालू असताना अपडेट दाबलं तर कोअर बंद होतं, पुन्हा उठतं, आणि अर्धवट राहिलेलं ऑटोमेशन त्याच्या लेखी कधी सुरूच झालेलं नसतं. मोटर चालूच राहते आणि गच्चीवरून पाणी वाहायला लागतं. ‘हा सेन्सर १० मिनिटं बंद असेल तर’ अशा अटीतली दहा मिनिटंही रीस्टार्टला शून्यावर येतात. टायमर हेल्पर, म्हणजे होम असिस्टंटमधलं तयार घड्याळ, यात रीस्टोअरचा पर्याय आहे, तो चालू केला तर टायमर टिकतो. पण मोटरसाठी तेवढ्यावर विसंबू नये.

वेळ मोजायचं काम मोटरच्या स्विचलाच द्या. स्विचमध्ये टॅस्मोटा हे फर्मवेअर (स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर) असेल तर पल्स टाइम नावाची सेटिंग आहे. त्यात सेकंदांमध्ये १०० मिळवून आकडा द्यायचा: २० मिनिटं म्हणजे १२०० सेकंद, म्हणून १३००. पॉवर ऑन स्टेट ० ठेवा, म्हणजे लाइट जाऊन आली तरी मोटर आपोआप चालू होणार नाही. ईएसपीहोम हे दुसरं फर्मवेअर असेल तर स्विचच्या ‘ऑन टर्न ऑन’मध्ये २० मिनिटांचा डिले आणि त्यानंतर टर्न ऑफ लिहा, रीस्टोअर मोड ‘ऑलवेज ऑफ’ ठेवा.

ईएसपीहोमचा अजून एक हिसका फार कमी जणांना माहीत असतो. होम असिस्टंटशी १५ मिनिटं संपर्क झाला नाही तर डिव्हाइस स्वतःहून रीबूट होतं. एपीआयच्या (होम असिस्टंटशी बोलण्याच्या) भागातल्या ‘रीबूट टाइमआउट’चं मूळ मूल्यच तेवढं आहे. अपडेट लांबलं की घरातले सगळे ईएसपीहोमवाले स्विच दर पाव तासाने बंद-चालू होऊ लागतात आणि माणूस उगाच वायरिंग तपासत बसतो. मोटर आणि कूलरच्या डिव्हाइसवर हे मूल्य ० सेकंद करून टाका. (एक एचपीची मोटर थेट छोट्या रिलेवर चालवत असाल तर यातलं काहीच कामाचं नाही. सुरुवातीच्या करंटने रिलेचे पॉइंट चिकटले की टायमर बंद म्हणत राहतो आणि मोटर चालत राहते. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जड करंट झेलणारा मोठा रिले, घाला.)

कूलरचं दुखणं वेगळं. ‘तापमान ३८ च्या वर गेलं की पंप चालू’ हा ट्रिगर (ऑटोमेशन सुरू करणारी घटना) रेषा ओलांडण्याच्या क्षणावर अवलंबून असतो. रीस्टार्टच्या आधीच खोली ४० वर असेल तर ओलांडणं घडेलच असं नाही. म्हणून त्याच ऑटोमेशनला ‘होम असिस्टंट सुरू झालं’ हा दुसरा ट्रिगर जोडा आणि तापमान अटीत तपासा. आणि नवतप्यात भर दुपारी अपडेट काढू नका. घरच्यांसाठी तर नाहीच, पण ज्या छोट्या संगणकावर होम असिस्टंट चालतं त्या रास्पबेरी पायसाठीही नाही. माळ्यावर किंवा बंद पत्र्याच्या डब्यात ठेवलेला पाय ४ आधीच तापलेला असतो, त्यात अपडेटचा भार येतो. प्रोसेसर ८० अंशांना पोचला की तो स्वतःचा वेग कमी करायला लागतो, आणि पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं. सकाळी सहा-सातची वेळ उत्तम.

आता बॅकअप. २०२५.१ पासून बॅकअपची व्यवस्था नव्याने बांधली आहे. आपोआप होणारे बॅकअप एन्क्रिप्ट होतात आणि त्याची किल्ली ‘इमर्जन्सी किट’ नावाच्या फाइलमध्ये मिळते. ती फाइल त्याच पायवर ठेवणं म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेणं. किट आणि बॅकअप दोन्ही लॅपटॉपवर उतरवून घ्या. बॅकअपमध्ये डेटाबेस धरलाय ना, तेही बघा. कारण नवी आवृत्ती पहिल्यांदा उठताना डेटाबेसची रचना बदलू शकते, आणि बदललेला डेटाबेस जुनी आवृत्ती स्वीकारत नाही. नुसतं कोअर मागे नेलं तर रेकॉर्डर, म्हणजे इतिहास साठवणारा भाग, ‘डेटाबेस माझ्यापेक्षा नवा आहे’ म्हणून थांबतो. मागे जायचं तर दोन्ही एकत्र.

डेटाबेस आधी बारीकही करा. रेकॉर्डर मुळात १० दिवसांचा इतिहास ठेवतो. पण व्होल्टेज आणि वॅट दर सेकंदाला पाठवणारे चार स्मार्ट प्लग असले तर तेवढ्यातही फाइल काही जीबीची होते. डेव्हलपर टूल्समधून ‘रेकॉर्डर पर्ज’ ही ॲक्शन चालवा, दिवस ५ द्या, रीपॅक चालू ठेवा. रीपॅकला आणि नंतरच्या रचनाबदलाला डेटाबेसच्या आकाराएवढी मोकळी जागा लागते. ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर जुन्या बॅकअपांचा ढीग साचला असेल तर अपडेट तिथेच अडखळतं.

‘डेटाबेस अपग्रेड सुरू आहे’ असा संदेश आला की हात बांधून बसायचं. इतिहासाचे आलेख रिकामे दिसतील, काही सेन्सर मागचं विसरल्यासारखे वाटतील, पण पाय बंद करायचा नाही. या टप्प्यात लाइट गेली तर काय होतं? फाइल खराब झाल्याचं आढळलं तर होम असिस्टंट तिच्या नावापुढे ‘करप्ट’ आणि वेळ लावून ती बाजूला ठेवतं आणि कोरी फाइल सुरू करतं. घर चालतं, इतिहास जातो. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अनेक इन्व्हर्टरांवर यूपीएस आणि इको असा स्विच असतो. इकोमध्ये लाइट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतचा क्षण पंख्याला कळत नाही, पण पायला कळतो. अपडेटपुरता तरी तो यूपीएसवर टाका. राउटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पायला थेट जोडू नका. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात.

एचएसीएस, म्हणजे लोकांनी लिहिलेल्या जोडण्यांचं दुकान, यातून घेतलेली इंटिग्रेशन्स (उपकरणं जोडणारे भाग) हा खरा धोक्याचा भाग. होम असिस्टंटमधली जुनी गोष्ट काढायच्या आधी साधारण सहा महिने लॉगमध्ये इशारा येत राहतो. कोअरमधली इंटिग्रेशन्स वेळेत सुधारली जातात, पण हौसेने लिहिलेल्या इंटिग्रेशनचा लेखक दोन वर्षं फिरकला नसेल तर तो इशारा वाचणार कोण? अपडेटनंतर लॉगमध्ये ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम’ अशी ओळ दिसली तर समजा, त्या इंटिग्रेशनला हवी असलेली जुनी वस्तू कोअरमधून गेली. सेटिंग्ज चुकल्या म्हणून डोकं खाजवू नका. म्हणून आधी एचएसीएसमधलं सगळं अद्ययावत करा, प्रत्येक इंटिग्रेशनचं पान उघडून शेवटची आवृत्ती कधीची आहे ते पाहा, आणि वर्षभरात हालचाल नसलेली काढून टाका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत ओरडतो तसं ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणायचं आणि डिलीट.

अपडेटनंतर कोअर उठलंच नाही तर सुपरवायझर, म्हणजे कोअरवर देखरेख करणारा भाग, आपणहून मागची आवृत्ती परत आणतो, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. कोअर उठलं आणि एक कस्टम इंटिग्रेशन मेलेलं असलं तर सुपरवायझरच्या दृष्टीने सगळं ठीक आहे. परत फिरायचं की नाही ते तुम्हीच ठरवायचं. निदानासाठी रीस्टार्टच्या मेन्यूतून ‘सेफ मोड’ निवडा. त्यात कस्टम इंटिग्रेशन्स आणि कस्टम कार्डं लोड होत नाहीत. सेफ मोडमध्ये घर नीट चाललं तर दोषी बाहेरचा. डॅशबोर्डवर मात्र ‘कस्टम एलिमेंट डझन्ट एक्झिस्ट’ दिसलं तर घाबरू नका. आधी ब्राउझर कंट्रोल एफ ५ ने ताजा करा, मोबाइल ॲपच्या सेटिंग्जमधून फ्रंटएंड कॅशे रीसेट करा. बहुतेकदा तेवढंच असतं.

झिग्बीटूएमक्यूटीटी, म्हणजे झिग्बी या वायरलेस पद्धतीची उपकरणं जोडणारं सॉफ्टवेअर, १ वरून २ वर जाताना दोन जागी ठेच लागते. पहिली: आवृत्ती २ ला डोंगलचा (यूएसबीला लावायच्या झिग्बी रेडिओचा) प्रकार सीरियल विभागात ‘ॲडॅप्टर’ म्हणून स्पष्ट लिहून द्यावा लागू शकतो. सोनॉफच्या पी डोंगलसाठी झेडस्टॅक, ई डोंगलसाठी एंबर, कॉनबीसाठी डीकॉन्झ. जुनं ईझेडएसपी लिहिलेलं असेल तर ते एंबर करा. त्याच वेळी पोर्टही ‘टीटीवाय यूएसबी ०’ असा न लिहिता ‘बाय-आयडी’ वाला लांबलचक पत्ता लिहा, रीबूटनंतर क्रमांक बदलला तरी तो बदलत नाही. दुसरी ठेच उशिरा लागते. बटणांचे जुने ‘ॲक्शन’ सेन्सर आता मुळात बंद असतात. भिंतीवरचं बटण दाबल्यावर काहीच होत नाही, लॉगमध्ये चूकही नाही, कारण ऑटोमेशन ज्या सेन्सरची वाट बघतंय तोच उरलेला नाही. लेगसी ॲक्शन सेन्सर चालू करून वेळ मारून नेता येते, पण ऑटोमेशन एमक्यूटीटी डिव्हाइस ट्रिगरवर नेणं बरं. डोंगल पायच्या यूएसबी ३ च्या तोंडाशी असेल तर एक मीटरची एक्स्टेंशन वायर लावा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर येतो, आणि लोक त्याचा दोष अपडेटला देतात.

वायएएमएल, म्हणजे ऑटोमेशन लिहायची मजकुराची पद्धत, त्यातले बदल ऐकायला भीतिदायक, प्रत्यक्षात सौम्य. २०२४.८ मध्ये ‘सर्व्हिस’चं ‘ॲक्शन’ झालं, २०२४.१० मध्ये ट्रिगर, कंडिशन, ॲक्शन हे शब्द अनेकवचनी झाले. जुनं लिखाण चालतं, एका रात्रीत सगळं बदलत बसू नका. लक्षात ठेवण्यासारखं एवढंच, की ‘चेक कॉन्फिगरेशन’ आत्ता चालू असलेल्या आवृत्तीच्या नियमांनी तपासतं, येणाऱ्या नाही.

दोन वर्षं अपडेटच केलं नसेल तर एकदम उडी मारू नका. सहा-सहा महिन्यांचे टप्पे घ्या आणि प्रत्येक महिन्याची शेवटची दुरुस्ती निवडा: २०२३.१२.४, मग २०२४.६.४, मग २०२४.१२.५, असं पुढे. स्क्रीनवर फक्त ताजी आवृत्ती दिसते. मधली हवी तर टर्मिनल ॲड-ऑनमध्ये (ॲड-ऑन म्हणजे सोबत चालणारं जोड-ॲप) ‘एचए कोअर अपडेट’ पुढे दोन आडव्या रेघांसह ‘व्हर्जन’ आणि आकडा द्यायचा (टाइप अर्थातच रोमन अक्षरांत). प्रत्येक टप्प्यावर ‘रिपेअर्स’ उघडून तिथली कामं संपवा, मगच पुढचा टप्पा. यात एक अपवाद: जुना पाय ३२ बिटच्या इमेजवर असेल, किंवा होम असिस्टंट पायथनच्या व्हेन्वमध्ये (वेगळ्या कप्प्यात) किंवा सुपरवाइज्ड पद्धतीने (स्वतःच्या लिनक्सवर) बसवलं असेल, तर या पद्धतींचा आधार २०२५.१२ पासून काढलेला आहे. तिथे टप्पे घेत बसण्यात अर्थ नाही. नव्या कार्डावर ६४ बिटची होम असिस्टंट ओएस लिहा. सुपरवायझरचा पूर्ण बॅकअप असेल तर तो पहिल्या स्क्रीनवरच चढवता येतो.

आणि कोअर, ओएस, ॲड-ऑन हे एकाच सकाळी करू नका. आज कोअर, दोन दिवस घर चालू द्या, मग ओएस, मग ॲड-ऑन एकेक. ईएसपीहोमच्या डिव्हाइसांवर नवं फर्मवेअर सर्वांत शेवटी, आणि चालणाऱ्या डिव्हाइसवर चढवण्याची घाईही नाही, जुनं फर्मवेअर नव्या होम असिस्टंटशी सहसा व्यवस्थित बोलतं. मोटरच्या स्विचवर तर टाकी भरलेली असेल त्या दिवशीच चढवा. ओव्हर द एअर, म्हणजे वायफायवरून, चढवताना ते अडकलं, तर पाणी असेपर्यंत पॅनल उघडायला वेळ मिळतो.