तुम्ही विचारलंत म्हणून : अनुताईंची माया

अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणवर्गात मी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे करणाऱ्या अनुताई वाघ यांच्याविषयी बोलते, तेव्हा तास संपल्यावर कोणी ना कोणी एक प्रश्न हमखास विचारते : "बाई, अनुताईंना स्वतःचे मूल नव्हते, मग परक्या मुलांवर एवढी माया कशी हो केली त्यांनी?" वर्गात वेळ अपुरा पडतो आणि उत्तर अर्धवट राहते, म्हणून आज ते सविस्तर लिहीत आहे.

या प्रश्नामागे एक समजूत दडलेली असते. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मूलबाळ नाही, म्हणून या बाईने आयुष्यातली पोकळी दुसऱ्यांच्या मुलांनी भरून काढली, असे आपण सहज धरून चालतो. मला हे अजिबात पटत नाही. 1910 साली पुणे जिल्ह्यातल्या मोरगावी जन्मलेल्या या मुलीने ज्या काळात विधवेने घराचा कोपरा धरून बसावे अशी रीत होती त्या काळात शिक्षण घेतले, नाशिक जिल्ह्यात चांदवडला आणि पुढे पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिकेची नोकरी केली, आणि दिवसा शिकवून रात्रशाळेत जात मॅट्रिकची परीक्षा दिली. 1945 मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांबरोबर आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम उभे करायला त्या गेल्या, ते पुण्यातली स्थिर नोकरी सोडून आणि पूर्ण विचारांती. त्या निर्णयाला केवळ दुःखाची भरपाई म्हणणे त्यांच्या बुद्धीवर अन्याय करणारे आहे.

त्यांची माया कशी होती, हे त्यांच्या दिनक्रमात दिसते. बालवाडी सुरू झाली म्हणून मुले आपोआप आली नाहीत. आदिवासी पाड्यावरची आई पहाटे मजुरीला जाई, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी थांबे आणि भाऊ गुरांमागे रानात जाई. शाळा कितीही चांगली असली, तरी या घरातून तिथे येणार कोण? तेव्हा ताराबाई आणि अनुताई स्वतःच पाड्यावर गेल्या आणि तिथल्याच एखाद्या अंगणात त्यांनी मुले जमवली. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीचे मूळ या अंगणात आहे. 1957 च्या सुमारास काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर गुराख्यांसाठी थेट चराईच्या रानात कुरणशाळा भरू लागली, आणि धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर, लहानांची बालवाडी आणि मोठ्यांची प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. पाळणाघरामुळे त्या बहिणीची कडेवरच्या ओझ्यातून सुटका झाली, म्हणून ती शिकू शकली. कोणत्या मुलाला नेमके काय अडवते आहे हे बारकाईने पाहायचे आणि ती अडचण दूर करायची, हीच मला त्यांच्या मायेची खरी रीत वाटते.

दिवसाची सुरुवात अक्षरांनी होत नसे. आधी हातपाय धुणे, आंघोळ, नखे काढणे, केस विंचरणे. ज्या मुलाला आजवर कोणी निवांतपणे समोर बसवून त्याचा हात हातात घेतला नव्हता, त्याची नखे काढताना त्याच्याशी होणाऱ्या गप्पा हाच त्याचा पहिला धडा असे. मुलांना साधने हाताळत शिकू देणाऱ्या मॉंटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून दगडगोटे, शंखशिंपले, पाने आणि बिया यांवरच लहान-मोठे, जड-हलके, मोजणे, रंग ओळखणे सुरू झाले. यामागे काटकसर होतीच. पण वारली मुलाला जे रोज हाताशी असते तेच शिक्षणाला पुरेसे मानले जाते आहे, म्हणजे त्याचे जगही मोलाचे मानले जाते आहे, ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते.

1973 मध्ये ताराबाईंचे निधन झाले, तरी काम थांबले नाही. अनुताईंनी ते पुढे नेले आणि गावोगावच्या बालसेविका घडवल्या. आपल्याला जे जमते ते दुसरीलाही जमावे, म्हणून त्यांनी ते शिकवण्याजोगे करून ठेवले. उपजत माया अशी वाटून देता येत नाही. विचारपूर्वक केलेली देता येते. स्वतःचे शिकणेही त्यांनी सोडले नव्हते : 1961 मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या बी. ए. झाल्या. 1985 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पंचाहत्तरीतही त्यांचे काम चालूच होते. 27 सप्टेंबर 1992 रोजी त्यांचे निधन झाले.

तेव्हा "परक्या मुलांवर कशी माया केली?" याला माझे उत्तर असे आहे की, अनुताईंनी ती मुले परकी धरलीच नव्हती, आणि आपली म्हणून नुसते कुरवाळतही त्या बसल्या नाहीत, त्यांची आंघोळ, खाणे, खेळ आणि शिक्षण यांची जबाबदारी त्यांनी रोजच्या रोज उचलली. तुमच्यापैकी जी सेविका उद्या न येणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन, ते का येत नाही हे त्याच्या आईला आपुलकीने विचारील, ती अनुताईंचेच काम करत असेल, मग तिला स्वतःची मुले असोत वा नसोत.