गिरनार दत्तशिखर, आमच्या ग्रुपसोबतचा माझा अनुभव

जय गिरनारी! सगळे विचारतात की गुजरातमधल्या गिरनार पर्वतावरच्या दत्तपादुकांपर्यंतच्या दहा हजार पायऱ्या झेपतील का, म्हणून सविस्तर लिहितेय. आमचा ग्रुप दत्तभक्तांचा, त्यात साठी ओलांडलेले बरेच. वेरावळच्या गाडीने जुनागढला उतरलो, तिथून रिक्षाने भवनाथ तलेटी, म्हणजे गिरनारचा पायथा. दुपारी जेवून सगळे सक्तीने झोपलो, कारण चढायचं रात्री. ऊन लागलं की दगडी पायऱ्या तापतात आणि मग माणूस चढण्यापेक्षा उन्हानेच जास्त थकतो.

तळाला काठी भाड्याने मिळते, ती घ्याच, वय कितीही असो. जेवढं सामान कमी तेवढं बरं. पहिल्या पायरीला डोकं टेकवून "अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त" म्हटलं आणि निघालो. आमच्या ग्रुपच्या दादांनी आधीच सांगितलं होतं, सगळ्यांनी एकत्र चालायचा हट्ट धरायचा नाही, जोड्या करायच्या आणि जोडीदाराला सोडायचं नाही. हे फार म्हणजे फारच कामाला आलं, कारण पहिल्या हजार पायऱ्यांतच प्रत्येकाचा वेग वेगळा पडतो. माझ्या जोडीला एक काकू होत्या, गुडघ्यांना पट्टे बांधलेले, आधी काठी वरच्या पायरीवर टेकवायच्या, मग उजवा पाय, मग डावा, आणि दोन्ही पाय एका पायरीवर आले की "दिगंबरा दिगंबरा". तोच वेग शेवटपर्यंत. भराभर पुढे गेलेली तरुण मुलं नेमिनाथांच्या जैन मंदिरांपाशी धापा टाकत बसलेली दिसली आणि काकू शांतपणे पुढे गेल्या.

अंबाजीचं मंदिर आलं म्हणजे साधारण निम्मं चढून झालं. २०२० पासून इथपर्यंत रोपवे आहे आणि ज्यांना झेपत नाही त्यांनी खुशाल घ्यावा, भक्ती कमी होत नाही. फक्त तो दिवसाच चालतो, वारा जोरात असला की बंदही ठेवतात, आणि मुख्य म्हणजे अंबाजीनंतरचा टप्पा चालूनच करावा लागतो, नाहीतर डोली. पुढे गोरक्षनाथांचं शिखर, गुजरातमधलं सगळ्यात उंच. मग जे होतं त्याची मनाची तयारी हवी, एवढं चढून आल्यावर पायऱ्या परत खाली उतरतात आणि समोर दत्तशिखराचा सुळका उभा दिसतो. इथे बरेच जण खचतात. काकूंनी नुसते हात जोडले, म्हणाल्या, "चल गं, महाराज दिसले."

वर जागा अगदी लहान, वारा असा की काठी घट्ट धरावी लागते. पादुकांसमोर काही क्षणच मिळतात, मागे रांग असते. मी घरून काय काय मागायचं ठरवून गेले होते पण डोकं ठेवल्यावर काहीच मागावंसं वाटलं नाही, नुसतं रडू आलं.

उतरताना कमंडलू कुंडाचा फाटा चुकवू नका. परत पायऱ्या उतराव्या लागतात पण तिथे अन्नछत्रात गरम प्रसाद मिळतो, आणि सोमवारी सकाळी धुनी प्रज्वलित होते. शक्य असेल तर तसाच वार धरून जा.

गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना असते, तिरकं उतरलं की बरं पडतं. दोन्ही पिंडऱ्या नंतर बरेच दिवस बोलत होत्या. काकू मात्र आता गिरनारभोवतीच्या लिली परिक्रमेचं विचारतायत, कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा, जंगलातून ३६ किमी, आणि दादांनी नावं घ्यायला सुरुवातही केलीये.