तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ही उडते का ओ?’

दुकानात कुणीही येऊ दे, पाव्हणा असू दे नाहीतर पलीकडचा चहावाला, कोपऱ्यात टेकवलेली लांब बंदूक दिसली की पहिला प्रश्न ठरलेला, "ही उडते का ओ?" आणि मी नाही म्हटलं की तोंड असं पडतंय जसं काय तांबडा रस्सा पाण्यासारखा निघालाय. रोज रोज तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी सुतार. आजोबा वाड्यांची दारं आणि देव्हारे करायचे, मी किचन ट्रॉल्या करून पोट भरतो आणि उरलेल्या वेळात जुन्या बंदुकांचे लाकडी दस्ते करतो. फक्त लाकूड. नळी, घोडा, चाप याला मी हात लावत नाही, ते लायसनवाल्या गनस्मिथचं काम, दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतोय. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुरातन बंदुकांना सूट आहे खरी, पण ती दुरुस्त करूनही उडण्याजोगी नसेल तरच. म्हणजे बघा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर ती बंदूक माझ्या दुकानात असायलाच नको. राधानगरी, भुदरगडकडं पीक संरक्षणाच्या लायसनवर ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायच्या, बंदुका अजून आहेत, गवे आणि डुकरं शेतात शिरतात म्हणून, त्यांचे मालक फोन करतात की इलेक्शनला ठाण्यात जमा केली ती परत आली तर दस्त्याला चीर पडलीय, त्यांनाही मी हेच सांगतो, आधी लायसनवाल्याकडं जावा.

आणि सरसकट रायफल म्हणू नका राव. नळीच्या आत पेचदार खाचा असतील तर ती रायफल, आपल्याकडच्या वाड्यांत लटकलेल्या बहुतेक ठासणीच्या बंदुका आतून गुळगुळीतच. १८५७ च्या बंडानंतर तर इंग्रजांनी देशी पलटणींना एनफिल्ड रायफलीसारख्याच दिसणाऱ्या पण आतून सपाट नळीच्या बंदुका दिल्या, नेम चांगला लागू नये म्हणून. वर मुकुट आणि ‘टॉवर’ कोरलंय म्हणून खरी विलायती असंही नाही, तसले शिक्के मारलेला शोभेचा माल ढिगानं मिळतो. एका मित्रानं असली एक घेतली, मी काही बोललो नाही, त्याच्या बायकोसमोर कशाला.

आता खरी गोष्ट. पन्हाळ्याच्या बाजूला एका वाड्यात बोलावलं होतं, भिंतीवर ठासणीची बंदूक, दस्ता मानेत मोडलेला, काथ्यानं बांधलेला, निम्म्याला कीड. माझी एक सवय आहे, काही करायच्या आधी नळीत वेताची काठी घालायची, तळाला टेकली की तोंडापाशी खूण करायची आणि तीच काठी नळीला बाहेरून लावून बघायची. नळी रिकामी असेल तर काठीचं टोक कानापर्यंत, म्हणजे जिथून ठिणगी आत जाते तिथंपर्यंत यायला पाहिजे. ते चार बोटं अलीकडंच थांबलं. परत घातली, परत तेच. बंदूक भरलेली होती! कुणी ठासून ठेवली, कधी, काही पत्ता नाही, आणि दर दसऱ्याला पोरं ती खांद्याला लावून फोटो काढायची. ही काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं मरत नाही. मी तोंड मोकळ्या भिंतीकडं करून ठेवली, सगळ्यांना परड्यात काढलं आणि गनस्मिथला फोन लावला. त्यानं आधी कानातून पाणी सोडून दारू भिजवली, मग गजाच्या टोकाला स्क्रू लावून ओढत ओढत चिंध्या, छर्रे आणि काळा लगदा बाहेर काढला. तर "उडते का" याचं उत्तर त्या दिवशी "हो" होतं आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं. पुढं ठाण्याचे कागद, नळी निकामी करणं यात सहा महिने गेले, मग लाकूड माझ्याकडं आलं.

जुना दस्ता शिसवी होता. मंगळवार पेठेत एक वाडा पाडत होते तिथली झोपाळ्याची फळी मिळाली, इतकी मुरलेली की पटाशीला दोनदा धार लावली. फळीवर आखताना एकच बघायचं, लाकडाचा रेषा मानेतून, म्हणजे मूठ बसते त्या बारीक जागेतून, सरळ लांबीला गेला पाहिजे, आडवा गेला की तिथंच मोडणार, उडवायची गरज नाही, भिंतीवरून पडली तरी पुरे. मग लोखंड बसवायचं. तेलाच्या दिव्यावर ताटली धरून काजळ करायचं, ते लोखंडाला फासायचं, लाकडात दाबून उचलायचं, जिथं काळं लागेल तिथला कागदाएवढा पापुद्रा काढायचा, परत दाबायचं. साठ-सत्तर वेळा. बंदूक उडताना धक्का एकाच जागी बसला तर लाकूड फाटतं म्हणून ही पद्धत. आता उडणारच नाही तर एवढं कशाला, असं बायको पण विचारते. नाद आहे, दुसरं काय सांगू.

शेवटी जवसाचं तेल, तळहातानं, हात गरम होईपर्यंत, पहिला आठवडा रोज एक हात, मग आठवड्याला एक. आषाढ-श्रावणात हे काम मी घेत नाही, कोल्हापूरच्या पावसात वाळतच नाही. (आणि तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, आपोआप पेटतं. पसरून वाळवा.)

घेऊन गेलो. पोरं खूश, शिसव चमकतंय. घरातल्या आजींनी हातानं चाचपलं आणि म्हणाल्या, "कुकू कुठं गेलं?" खंडेनवमीला बंदुकीच्या दस्त्यावर एकाच जागी हळद-कुंकू लावायचे, त्यांच्या सासूच्याही आधीपासून, थरावर थर बसलेले, आणि मी ते मळ समजून मोडक्या लाकडाबरोबर बाजूला टाकलेलं. उडते का हे त्यांनी विचारलंच नाही.

नशीब जुनं लाकूड जाळलं नव्हतं. बंदूक परत आणली, कुंकवाचा तेवढा तुकडा कापला, आगपेटीएवढा, नव्या दस्त्यात त्याच जागी खाच करून बसवला. तिथं तेल नाही, पॉलिश नाही. आता काम घेताना मी आधी विचारतो, पूजा कुठं करता?

फोटो मोबाईलमध्ये आहे. बघणारा आधी विचारतो उडते का, आणि मग तो तांबडा चौकोन बघून, "काय मिस्त्री, लाकूड कमी पडलं व्हय?"