आउटस्मार्ट म्हणजे ‘फसवणे’ नव्हे

‘आउटस्मार्ट’चा अर्थ सर्रास ‘फसवणे’ असा दिला जातो. तो फार तोकडा आहे. फसवायला समोरचा भोळा असला तरी चालतं. पण एखाद्याला आउटस्मार्ट केलं म्हटलं, की तोही डोकं चालवत होता आणि आपलं त्याच्यापेक्षा जास्त चाललं, असं साधारणपणे गृहीत असतं. आपला ‘शेरास सव्वाशेर’ नेमका तिथे बसतो. क्रियापदच हवं असेल तर ‘कुरघोडी करणे’ किंवा ‘वरचढ ठरणे’.

गोंधळ ‘आउट’मुळे होतो. ‘आउटडोअर’मधला आउट म्हणजे बाहेर. इथला आउट म्हणजे त्याच मापात पुढे जाणं: आउटरन म्हणजे पळण्यात मागे टाकणं, आउटलिव्ह म्हणजे दुसऱ्यापेक्षा जास्त जगणं. आउटविट म्हणजे बुद्धीत मागे टाकणं, आणि हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. आउटस्मार्ट मात्र विसाव्या शतकातला, अमेरिकेतून आलेला. त्यातला ‘स्मार्ट’ म्हणजे हुशार. टापटीप कपड्यांशी त्याचा काही संबंध नाही. औपचारिक लेखनात आउटविट जास्त शोभतो.

आउटमनूव्हर वेगळा ठेवावा. त्यात हालचालींनी कोंडी करणं येतं, आणि त्याला पालखेडइतकं चोख उदाहरण शोधून सापडणार नाही. बाजीरावाने बुऱ्हाणपुराकडे जाण्याची हूल दिली, पाठलागाच्या घाईत निजामाने जड तोफखाना मागे ठेवला आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ निजाम पाण्यावाचून कोंडला गेला. मोठी लढाई न होताच मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. इथे ‘आउटफॉट’, म्हणजे लढण्यात मागे टाकलं, असं लिहिलं तर सगळा अर्थच बिघडतो.

वापरताना सर्वाधिक चुका मराठीच्या सवयीने होतात. आपण कुणा‘वर’ मात करतो, म्हणून ‘आउटस्मार्टेड ऑन हिम’ किंवा ‘ओव्हर हिम’ लिहून बसतो. हे क्रियापद थेट कर्म घेतं, मध्ये शब्दयोगी अव्यय नको: ‘शी आउटस्मार्टेड हिम’. हरलेल्याच्या बाजूने सांगायचं तर ‘ही वॉज आउटस्मार्टेड बाय हर’. दुसरी चूक भूतकाळाची. हिट, कट, पुट तसेच राहतात म्हणून ‘ही आउटविट मी यस्टर्डे’ लिहिलं जातं; हवं ‘आउटविटेड’, आणि त्यात ‘टी’ दोनदा. शब्दाच्या शेवटच्या भागावर (‘विट’वर) आघात आहे, एकच स्वर आहे आणि त्यानंतर एकच व्यंजन, म्हणून ते दुप्पट होतं. आउटस्मार्टच्या शेवटी ‘आर’ आणि ‘टी’ अशी दोन व्यंजनं लिहिली जातात, त्यामुळे तिथे ‘टी’ एकदाच. उच्चारताना जोर ‘विट’वर आणि ‘स्मार्ट’वर द्यावा, ‘आउट’वर नाही.

एक वापर मात्र अगदी आपल्या ओळखीचा आहे: ‘ही आउटस्मार्टेड हिमसेल्फ’. जास्तीची हुशारी करायला गेला आणि स्वतःच गोत्यात आला. भाषांतर करताना ‘स्वतःला आउटस्मार्ट केले’ असं शब्दशः काही लिहू नये. ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’ तयारच आहे.