ला पाझ, मेक्सिको : नांगरावरचा एक दिवस

ला पाझला भरती-ओहोटीची ओढ जबरदस्त, आणि वारा बऱ्याचदा तिच्या उलटा. त्यामुळे नांगरावरच्या बोटी एका दिशेला तोंड करून राहतच नाहीत. खोल कील (तळाखालचा पाण्यात उतरलेला पंखा) असलेली आमची शिडाची बोट प्रवाहाचं ऐकते, शेजारचं उथळ कॅटमरान (जोड-तळाची बोट) वाऱ्याचं. खलाशी याला ‘ला पाझ वॉल्ट्झ’ म्हणतात, वॉल्ट्झ म्हणजे गोल गोल फिरत करायचा जोडीनृत्य-प्रकार. नांगर टाकताना अंतर भरपूर ठेवावंच लागतं!

सकाळी डिंगीने (छोट्या होडीने) मालेकॉनवर, म्हणजे शहराच्या किनारी रस्त्यावर गेलो. पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे जार, बर्फ, टोमॅटो, मक्याच्या गरमागरम तोर्तिया. दुकानातल्या मावशींनी पुडकं बांधता बांधता एक तोर्तिया मीठ भुरभुरून, गुंडाळी करून हातावर ठेवली. तिथेच उभ्याने खाल्ली. काय चव होती!

बोटीवर गोडं पाणी जपून. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने, मग तांब्याभर गोड्या पाण्यात.

अंधार पडल्यावर कोरोमुएल सुटला. उन्हाळ्यात पॅसिफिककडून द्वीपकल्प ओलांडून येणारा हा गार वारा म्हणजे इथलं खरं सुख. हॅच (डेकवरच्या झडपा) उघडले, केबिन लगेच थंड.

उद्या एस्पिरितू सांतो बेट. पश्चिमेकडच्या बऱ्याच खाड्यांत हाच वारा रात्री थेट आत शिरतो आणि बोट हेलकावत राहते. उन्हाळ्यात तिथे कुणी मुक्काम केला असेल तर सांगा, नांगर कुठे टाकावा?