काकूंना बरं वाटलं

लाइट गेली होती आणि काकू म्हणाल्या, "आज कसं बरं वाटतंय, नाही?"

एवढंच. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, मला कळतं. तरी ते वाक्य जात नाहीये. सकाळी कणीक भिजवताना आहे, लोकलमध्ये आहे, रात्री तर आहेच.

त्या रात्री अख्खी बिल्डिंग हाशहुश करत होती. पॅसेजमध्ये पुठ्ठे आणि वर्तमानपत्रं हलत होती, लहान मुलं किरकिरत होती, सेक्रेटरी खाली कुणाला तरी फोनवर झापत होते. जमिनीखालच्या केबलचा जॉइंट गेला म्हणे. उन्हाळ्यात लोड वाढला की ते जातातच. मी अंधारात चाचपडत पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर डक्टच्या, म्हणजे दोन घरांमधल्या उभ्या पोकळीच्या, पलीकडची खिडकी सताड उघडी आणि काकू कठड्यावर कोपरं टेकून उभ्या. ती खिडकी मी रात्रीची उघडी कधी पाहिल्याचं आठवत नाही. दोघींनी हात लांब केले तर डबा देता येईल एवढंच अंतर आहे मध्ये (आता देत नाही, एकदा वाटी खाली गेली). "आज कसं बरं वाटतंय, नाही? तुमचा एसी लागला की मी खिडकी लावून घेते ना, मग वाराच कळत नाही." आणि लगेच, "आंबेडाळ संपली का गं? डब्याची घाई नाही, सावकाश दे."

टोमणा होता का? हे मी इतक्या वेळा स्वतःला विचारलंय की आता त्यांचा आवाजही नीट आठवेनासा झालाय. काकूंना टोमणे येत नाहीत. वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी त्यांच्या तुळशीवर पडलं तेव्हा त्यांनी सरळ बेल वाजवून सांगितलं होतं. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, निदान चार दिवस अबोला तरी धरता येतो. त्या नुसतं सांगत होत्या. आम्ही सगळे घामाने निथळत होतो त्या दीड-दोन तासांत त्या घरात वारा आला, एवढंच सांगत होत्या.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, डक्टमध्ये काय आपलं एकट्याचं युनिट आहे? वरच्यांचं आहे, त्यांच्या वरच्यांचं आहे, खालच्या क्लासवाल्यांची तर दोन आहेत. बरोबर आहे. पण काकू 'तुमचा' म्हणाल्या. वरच्यांचा लागलेला त्यांना कळत नाही, आमचा कळतो. म्हणजे रोज रात्री मी रिमोट हातात घेते तेव्हा पलीकडे कुणीतरी उठून खिडकी लावतं. मी किती वाजता झोपले, रविवारी दुपारी आडवी झाले का, सगळं त्या खिडकीला ठाऊक.

आणि मी तरी काय ऐश करते? दिवसभर त्या गर्दीत उभं राहून यायचं, आल्यावर ओट्याशी. हवामान खात्याच्या हिशेबात आपल्याला काही होतच नाही. किनाऱ्यावर उष्णतेची लाट म्हणायला पारा किमान ३७ ला जावा लागतो आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त असावा लागतो. सांताक्रूझला ३४ नोंदलं की झालं, मुंबईत सगळं आलबेल. घाम वाळतच नाही, अंगाला कपडा चिकटतो, रात्री उशी उलटी केली तर ती बाजूही गरम, याचा रकाना कुठेच नाही. समुद्राचा वारा सुटायला उशीर झाला की पारा चढतो असं टीव्हीवर सांगतात. सुटला तरी आमच्या डक्टमध्ये कुठून येणार? वर्षातले ते दोन-तीन महिने, रात्रीचे काही तास. मला झोप हवी आहे. त्याचीही आता दखल घेतली जाते.

बिलाचं तर बोलायलाच नको. नको म्हटलं तरी हा बोलतोच. एप्रिलचं बिल टेबलावर पसरून बसला होता. १०० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, आम्ही ३०० ची वेस ओलांडली की तिसरा. वर स्थिर आकार, वहन आकार आणि मग सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं म्हणणं आहे की एसी एक अंशाने वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. हे याने कुठेतरी वाचल्यापासून तो अंशांचा हिशेब ठेवतो. २०२० पासून नवे एसी चालू करताना आपोआप २४ वर येतात. याने आल्या आल्या २६ करायचं, वर पंखा लावायचा, आणि मी कूस बदलली की पुन्हा २४. संसारातला वाद दोन अंशांवर आलाय.

चिरंजीवांना विचारलं, एसी बाहेर नक्की किती गरम हवा टाकतो रे? त्याला कुणी अभ्यासाबाहेरचं विचारलं की आनंद होतो. म्हणाला, आई, एसी गारवा तयार करत नाही, तो फक्त उष्णता उचलून बाहेर टाकतो. दीड टनाचा पूर्ण जोरात असेल तर आतली सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर, आणि ती ढकलायला लागलेली दीडेक किलोवॉट वीज, तीही उष्णता होऊन बाहेरच. म्हणजे? म्हणजे हजार वॉटच्या सहा-सात इस्त्र्या काकूंच्या खिडकीखाली लावून ठेवल्यासारखं. मग माझा चेहरा बघून म्हणाला, पण खोली गार झाली की इन्व्हर्टर एसीचा जोर कमी होतो, इतकं नसतं. अभ्यास कर म्हटलं.

विचारायलाच नको होतं. आता रात्री बाहेरचं युनिट घुर्र झालं की मला इस्त्र्या दिसतात. मधल्या काळात एक वाजता टायमर लावून बघितला, अडीचला सगळेच जागे. पडदे ओले करून बघितले, इथल्या दमटपणात त्याने खोलीचं धोबीघाट होतं, बाकी काही नाही.

आईंचं ठरलेलं पालुपद, "चाळीत असं नव्हतं." त्या हॉलमध्येच झोपतात, पंखा दोनवर, एसी नको. चाळीत कसं नव्हतं? वरच्या मजल्याचे पत्रे तापायचे ते मध्यरात्रीपर्यंत निवायचे नाहीत. लोक गॅलरीत चटया टाकायचे म्हणून सांगतात, ते खरं आहे. पण जिन्याजवळची वाऱ्याची जागा कायम कोपऱ्यातल्या मामांची, आणि त्यावरून काय भांडणं व्हायची! तेव्हा उकाडा सगळ्यांना सारखा होता असं म्हणायचा मलाही मोह होतो, पण आमची चटई नळाजवळ असायची. डास सगळे आम्हाला.

लाइट गेली की मला अजून १२ ऑक्टोबर २०२० आठवतो. सकाळी दहाच्या सुमारास जवळपास सगळ्या मुंबईचीच गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या, आणि घरात बाबांचं मशीन... ते नको आता.

काल काकू आल्या. बेल वाजली तेव्हा मी दचकलेच. डबा न्यायला आल्या असतील म्हणून धुतलेला डबा हातात घेऊनच दार उघडलं, आत चार कैऱ्या टाकल्या होत्या, रिकामा कसा द्यायचा. त्या बसल्या, कोकम सरबत घेतलं, इकडचं तिकडचं झालं. मग पदराने मान पुसत म्हणाल्या, "आम्ही पण एसी घेतोय बाई."

मी बघतच राहिले.

तर यंदा अधिक ज्येष्ठ. १७ मेला लागतोय, म्हणजे भर उन्हाळ्यात धोंड्याचं जेवण. जावई पहिल्यांदाच राहायला येणार आहेत आणि ते आहेत पुण्याचे. "त्यांना इथला घाम सोसत नाही गं, मागच्या खेपेला अर्ध्या तासात शर्ट बदलला." मुलाने दुकानांत चौकशी केली. गेल्या सप्टेंबरात एसीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला ना, तेव्हा यंदा जमतंय म्हणाला. सोसायटीत अर्जही दिलाय. फक्त एक आहे. बाहेरचं युनिट डक्टमध्येच बसवावं लागेल आणि जागा एकच आहे, तुमच्या ओट्याच्या खिडकीसमोर. "तुला चालेल ना?"

मला काय वाटलं असेल? सांगायला नको, पण आधी गार वाटलं. इतके दिवस अडकलेलं काहीतरी घशातून खाली गेलं. मी इतक्या उत्साहाने "अहो चालेल की, न चालायला काय झालं?" म्हटलं की त्यांनीच संशयाने पाहिलं. मग मी भानावर आले. माझा ओटा. तिथेच मी सकाळ-संध्याकाळ उभी असते.

"पाच स्टारचाच घ्या बरं काकू."

"महाग पडतो गं तो."

"पण बिल कमी येतं ना."

"आणि तुला झळ कमी लागते, असंच ना?" आणि ठसका लागेपर्यंत हसल्या. म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे. स्टार वाढले तरी खोलीतली उष्णता तेवढीच बाहेर येणार, कमी होणार ती फक्त विजेची, हे चिरंजीवांचं ज्ञान मी गिळून टाकलं. जावयांना २४ लागेल की २२, यावर थोडी चर्चा झाली. २२ म्हणाल्या. बोंबला.

शनिवारी माणूस भोकं पाडायला येतोय. त्याच्या आत खिडकीतला गुळाचा डबा आणि लोणच्याच्या बरण्या हलवायला हव्यात. संध्याकाळच्या पोळ्या काकूंकडचे लोक झोपायला जायच्या आत उरकायच्या, म्हणजे साडेनऊ धरून चालू. याला सांगितलं तर म्हणतो, मग आपण रात्री बाहेरूनच मागवू. त्याचा हिशेब मात्र तो ठेवणार नाही.